कीकॅड ९ : पीसीबी डिझाइन शिकणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

छापील सर्किट बोर्डाचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या पीसीबीचा, आराखडा संगणकावर तयार करण्यासाठी जी मुक्तस्रोत साधने आहेत, त्यांत कीकॅडचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ९व्या मुख्य आवृत्तीचे हे परीक्षण आहे. उद्योगातल्या अनुभवी डिझायनरला ते कसे वाटेल, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. ब्रेडबोर्डवर सर्किट चालवून झाले, झीरो पीसीबीवर वायरींचे जंजाळ सोल्डर करून झाले आणि आता स्वतःचा बोर्ड बनवावा असे ज्याला वाटू लागले, त्या डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने, अथवा हौशी माणसाने, हे सॉफ्टवेअर शिकायला घ्यावे का, एवढाच येथील विषय आहे. घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे साधन नवशिक्याला एका विशिष्ट जागी हमखास अडवते, त्या जागी पुरेशी मदतही करत नाही, आणि पीसीबी डिझाइनमधला शिकण्याजोगा बराचसा भाग नेमका त्याच जागी असतो. ती जागा म्हणजे सर्किटातल्या चिन्हाला खऱ्या सुट्या भागाचा आकार जोडण्याची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

शिकायला घेतलेले साधन पाच-दहा वर्षे टिकेल का, हे आधी पाहावे लागते. कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे झाँ-पिएर शारास यांनी केली. पुढे २०१३च्या सुमारास सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने आपले अभियंते या कामात घातले आणि ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा, ओढताना वाटेतले दुसरे ट्रॅक आपोआप बाजूला सारणारा राउटर त्यातूनच आला. २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे, बोर्डाच्या आकारावर किंवा तांब्याच्या थरांच्या संख्येवर विनामूल्य वापरासाठी म्हणून घातलेली कोणतीही मर्यादा नाही, आणि त्यावर बनवलेला बोर्ड विकायला कोणाची परवानगी लागत नाही. या गोष्टीचे महत्त्व ईगल या दुसऱ्या पीसीबी सॉफ्टवेअरच्या उदाहरणावरून कळते. हौशी मंडळींत आणि महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले ईगल ७ जून २०२६ पासून मिळणार नाही, असे त्याची मालक कंपनी ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केले. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर अशी मर्यादाही होती. जुने ईगल प्रकल्प कीकॅडमध्ये थेट उघडता येतात, ही त्यांच्या मालकांसाठी दिलाशाची गोष्ट.

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर कीकॅड चालते. इन्स्टॉलरची फाइल एक जीबीहून मोठी आहे; त्यात सिम्बॉल (सर्किटातली चिन्हे), फुटप्रिंट (सुट्या भागांचे बोर्डावरचे आकार) आणि त्रिमितीय मॉडेलांच्या लायब्ररी येतात, त्यामुळे एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसतानाही सगळे काम करता येते. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फायदा लहान नाही. मात्र प्रयोगशाळेतल्या संगणकांवर अजून विंडोज ७ असेल, तर नव्या आवृत्त्या तेथे चालणार नाहीत.

सॉफ्टवेअर पारखण्यासाठी मुद्दाम अगदी साधे सर्किट घ्यावे, कारण सर्किट अवघड असले की अडचण सर्किटाची की साधनाची हे कळत नाही. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटरचा ५ व्होल्टचा सप्लाय या कामी उत्तम आहे : डीसी जॅक, उलट जोडणीपासून बचावासाठी १एन४००७ डायोड, रेग्युलेटर, आत-बाहेर कपॅसिटर, एक एलईडी, त्याचा रेझिस्टर आणि बाहेर जाणारा स्क्रू टर्मिनल. स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटाची आकृती, काढण्याच्या एडिटरमध्ये ‘ए’ दाबून सिम्बॉल शोधायचे, ‘डब्ल्यू’ दाबून वायर ओढायची, ‘आर’ने फिरवायचे, एवढे अर्ध्या तासात हातात बसते. सातव्या आवृत्तीपासून सिम्बॉल ठेवताक्षणी त्याला आर१, सी१ असा क्रमांकही आपोआप मिळतो. या एडिटरबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. शोधाची खिडकी वेगवान आहे आणि डेटाशीटचा, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकाचा, दुवा बहुतेक सिम्बॉलांसोबत येतो. एवढे मात्र पाळावे की पुरवठा वरून खाली आणि संदेश डावीकडून उजवीकडे अशी मांडणी ठेवावी; सॉफ्टवेअर त्यासाठी आग्रह धरत नाही, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांची बरीच स्कीमॅटिके विजेच्या दृष्टीने बरोबर असूनही नीट वाचता येत नाहीत.

सर्किट काढून झाल्यावर ईआरसी, म्हणजे विद्युत नियमांची तपासणी, चालवली की याच निरुपद्रवी सर्किटात पहिली चूक दिसते. पॉवर इनपुट पिनला कोणत्याही पॉवर आउटपुट पिनकडून पुरवठा होत नाही, असा तो संदेश असतो, आणि जॅकपासून रेग्युलेटरपर्यंतची वायर डोळ्यांसमोर दिसत असल्याने नवशिका गोंधळून जातो. कारण असे की कीकॅडमध्ये प्रत्येक पिनला एक विद्युत स्वभाव दिलेला असतो. रेग्युलेटरची आतली पिन ‘पॉवर घेणारी’ असते, पण जॅकच्या पिना ‘निष्क्रिय’ असतात. जॅकमधून वीज येते हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेले नसते. त्या वायरवर आणि ग्राउंडवर पॉवर-फ्लॅग नावाचे चिन्ह ठेवले की संदेश जातो. हा संदेश अधिक समजेल अशा शब्दांत द्यायला हवा होता, कारण अनेक जण तो समजून न घेता चूकच तपासणीतून वगळून टाकतात. ज्याने समजून घेतला त्याला मात्र वीज कोठून येते आणि कोठे जाते हे प्रत्येक पुरवठ्यासाठी वेगळे मांडून पाहण्याची सवय लागते. ईआरसीचे सामर्थ्य शुद्धलेखन तपासणीइतकेच आहे. अचूक लिहिलेले खोटे वाक्य ती पकडत नाही. एलईडीचा रेझिस्टर ३३० ओहमऐवजी ३.३ ओहम लिहिला तर तिचा काही आक्षेप नसतो.

आता त्या मुख्य जागेकडे वळू. काही सॉफ्टवेअरमध्ये सुटा भाग निवडला की त्याचे चिन्ह, बोर्डावरचा आकार आणि विक्रेत्याचा क्रमांक एकत्रच येतात. कीकॅडमध्ये या गोष्टी वेगळ्या आहेत. विशिष्ट क्रमांकाच्या काही आयसींना फुटप्रिंट आधीच दिलेले असते. पण रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, कनेक्टर अशा सामान्य सिम्बॉलांचे फुटप्रिंटचे रकाने कोरे असतात आणि ते आपण भरायचे असतात. यादी उघडली की शेकडो नावे समोर येतात आणि शिकणाऱ्यांपैकी बरेच जण येथे थबकतात. वास्तविक ही नावे अंदाधुंद नाहीत. कीकॅडच्या लायब्ररीला स्वतःचे लेखी नियम आहेत आणि ते बरेच काटेकोरपणे पाळले जातात. उभ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या नावात ‘डी’नंतर व्यास येतो आणि ‘पी’नंतर दोन पायांमधले अंतर, आडव्या रेझिस्टरच्या नावात अंगाची लांबी, जाडी आणि पाय वाकवल्यावरचे अंतर, उदाहरणार्थ १०.१६ मिलिमीटर, हे सगळे दिलेले असते. पृष्ठभागावर बसणाऱ्या भागांमध्ये ०८०५ यापुढे २०१२ मेट्रिक असे लिहिलेले असते, म्हणजे साधारण २ बाय १.२५ मिलिमीटर, आणि शेवटी ‘हँडसोल्डर’ असेल तर पॅड, म्हणजे भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा, हाताने सोल्डर करण्यासाठी थोडे लांब ठेवलेले असतात. हे नाव वाचायला शिकणे हा अभ्यासक्रमाचा स्वतंत्र धडा असायला हवा, पण सोबतच्या प्रारंभिक मार्गदर्शिकेत तो ओझरता उरकला आहे.

नाव वाचता आले तरी प्रश्न संपत नाही, कारण लायब्ररीतले आकार नामांकित उत्पादकांच्या डेटाशीटवरून घेतलेले असतात आणि आपला भाग येतो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून, तोही अनेकदा सुट्या पुडीत, उत्पादकाच्या नावाशिवाय. स्क्रू टर्मिनलचेच पाहा. बाजारात ते ५.०० मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन पायांमधल्या अंतराचे, मिळतात आणि ५.०८ मिलिमीटरचेही, नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दोन पायांच्या टर्मिनलला फरक जाणवत नाही, पण आठ पायांच्या टर्मिनलमध्ये पहिल्या ते शेवटच्या पायापर्यंत तो साचून ०.५६ मिलिमीटर होतो आणि भाग बसत नाही. कीकॅडच्या लायब्ररीत दोन्ही पिचचे फुटप्रिंट आहेत. कोणते घ्यायचे हे हातातला भाग मोजल्याशिवाय सांगता येत नाही. डीसी जॅकचे पाय चपटे असतात, त्यांना गोल भोक द्यायचे की लांबट खाच, हा निर्णय बोर्ड कोठे बनणार यावर ठरतो. चार पायांच्या छोट्या पुश-बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. लायब्ररीतील फुटप्रिंटवर म्हणूनच दोन पॅडना १ आणि दोन पॅडना २ असे क्रमांक आहेत, आणि बटण ९० अंशांनी फिरवून बसवले तर ते कायमचे दाबल्यासारखे राहते.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत ही बाब आकारापलीकडे जाते. बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. त्याच टीओ-९२ आवरणातल्या पीएन२२२२ मध्ये तो एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा होतो. कीकॅड सिम्बॉलच्या पिनक्रमांकाची फुटप्रिंटच्या पॅडक्रमांकाशी सांगड घालते, त्यामुळे स्कीमॅटिकमध्ये एक आणि दुकानातून दुसरा अशी स्थिती झाली तर सॉफ्टवेअरच्या सगळ्या तपासण्या निर्वेध पार पडूनही बोर्ड चालत नाही. रेग्युलेटरमध्येही तेच : ७८०५ मध्ये पहिला पाय इनपुट आणि दुसरा ग्राउंड, तर ऋण व्होल्टेजच्या ७९०५ मध्ये पहिला ग्राउंड आणि दुसरा इनपुट. दोन्हींची स्वतंत्र सिम्बॉले लायब्ररीत अचूक आहेत. ‘दिसायला सारखेच आहे’ म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरणाऱ्याला मात्र ती वाचवू शकत नाहीत. टीओ-९२ बद्दल आणखी एक सूचना. त्याचे एक फुटप्रिंट १.२७ मिलिमीटर अंतराचे आहे आणि एक ‘वाइड’ म्हणून २.५४ मिलिमीटरचे. पहिल्यात पॅड इतके जवळ असतात की शिकाऊ हाताने सोल्डर करताना ते एकमेकांना चिकटण्याची शक्यता मोठी असते. म्हणून घरगुती कामात दुसरे घ्यावे.

यावर उपाय एकच आहे आणि तो सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे : भाग आधी विकत आणायचे, व्हर्नियर कॅलिपरने मोजायचे, आणि फुटप्रिंट त्यानंतर निवडायचे. ७८०५च्या बोर्डाला लागतील तेवढे भाग आणायला फार खर्च येत नाही. शंका असेल तर आराखडा कागदावर मूळ मापात छापून भागांचे पाय त्या कागदातून आरपार घालून पाहावेत. लायब्ररीत न मिळालेला भाग फुटप्रिंट एडिटरमध्ये स्वतः काढता येतो, आणि तो एडिटर खरोखर चांगला आहे. पॅडची रांग अंतर देऊन एका झटक्यात उमटवता येते. पहिल्याच बोर्डात एखादे फुटप्रिंट स्वतःच्या मापांवरून काढावे, म्हणजे लायब्ररीबद्दलची भीती जाते. तरीही कीकॅडकडून येथे अपेक्षा आहे. फुटप्रिंट निवडताना शेजारी त्याचे चित्र दिसते, पण मुख्य मापे ठळक अंकांत दाखवणारी खिडकी असती, तर शिकणाऱ्याचा कितीतरी वेळ वाचला असता.

फुटप्रिंट नेमून झाले की पीसीबी एडिटरकडे जायचे. स्कीमॅटिकमध्ये केलेला बदल बोर्डावर आपोआप येत नाही. ‘एफ ८’ दाबून तो आणावा लागतो. हे प्रथम जाचक वाटते, पण काय बदलणार आहे याची यादी आधी दाखवली जात असल्याने चुकीचा बदल नकळत शिरत नाही. भाग बोर्डावर आले की त्यांच्यातल्या जोडण्या बारीक सरळ रेषांच्या जाळ्याच्या रूपात दिसतात, आणि बोर्डाचे अर्धे यश या जाळ्याकडे पाहत भाग कसे मांडले यावर ठरते. ट्रॅक ओढायची घाई न करता भाग फिरवून, सरकवून रेषांचे छेद कमी करावेत. स्कीमॅटिकमधला भाग निवडला की बोर्डावर तोच उजळतो, ही सोय या टप्प्यावर फार उपयोगी पडते. कपॅसिटर रेग्युलेटरच्या पायांना खेटून हवेत, मायक्रोकंट्रोलर असेल तर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या पुरवठ्याच्या पिनेजवळ हवा. हे ज्ञान सॉफ्टवेअरमध्ये नाही, ते डेटाशीटमधून घ्यायचे असते.

राउटर हा कीकॅडचा सर्वांत देखणा भाग आहे. ‘एक्स’ दाबून पॅडवरून निघाले की ट्रॅक ४५ अंशांची वळणे घेत माउसमागे येतो, ‘व्ही’ दाबले की व्हाया, म्हणजे दोन थर जोडणारे भोक, पडून दुसऱ्या थरावर जातो, आणि वाटेत दुसरा ट्रॅक आला तर निवडलेल्या पद्धतीनुसार त्याला सारतो किंवा वळसा घालतो. नेमून दिलेले किमान अंतर त्यात कधी मोडत नाही. घातलेला ट्रॅक ‘डी’ने ओढून हलवता येतो. सगळे ट्रॅक आपोआप टाकणारा ऑटोराउटर मात्र कीकॅडमध्ये नाही. हवाच असेल तर बोर्डाची माहिती बाहेर काढून फ्रीराउटिंग नावाच्या वेगळ्या कार्यक्रमातून ट्रॅक टाकून परत आणता येतात. ही उणीव आहे असे अनेक जण म्हणतात. शिकण्याच्या दृष्टीने मला ती सोय वाटते. स्वतः ट्रॅक ओढल्याशिवाय ग्राउंडचा परतीचा मार्ग कसा तुटतो आणि एक भाग वळवल्याने तीन जोडण्या कशा सुटतात, हे कळत नाही. शेवटी मोकळ्या जागेत ग्राउंडचा तांब्याचा पट्टा भरायचा आणि ‘बी’ दाबून तो ताजा करायचा. बदलानंतर हे दाबायला विसरले तर पडद्यावर जुनाच पट्टा दिसत राहतो.

ट्रॅकची रुंदी किती ठेवायची, यासाठी सोबत एक कॅल्क्युलेटर येतो, आणि तो नवशिक्याने जरूर वापरावा. ३५ मायक्रोमीटर जाडीच्या, म्हणजे एक औंसाच्या, तांब्यावर बाहेरच्या थरात १० अंश सेल्सिअसपर्यंत तापवाढ चालवून घेतली, तर १ अँपिअरला सुमारे ०.३ मिलिमीटर आणि २ अँपिअरला सुमारे ०.७८ मिलिमीटर रुंदी लागते. करंट दुप्पट झाला तर रुंदी दुपटीहून बरीच जास्त लागते, हे आकडे टाकून पाहिल्यावर पक्के लक्षात राहते. पुरवठ्याच्या जोडण्यांसाठी वेगळा नेट-वर्ग, म्हणजे जोडण्यांचा गट, करून त्याला ही रुंदी दिली की पुढे प्रत्येक वेळी आठवण ठेवावी लागत नाही.

याच ठिकाणी घरी फेरिक क्लोराइड या तांबे विरघळवणाऱ्या रसायनात बोर्ड काढणाऱ्यांसाठी काही सूचना द्यायला हव्यात, कारण सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंग कारखान्याच्या यंत्रांसाठी आहेत. इस्त्रीने लेझर छपाईचा टोनर उतरवून काढलेल्या बोर्डावर ०.२ मिलिमीटरचा ट्रॅक क्वचितच धड येतो. सुरुवातीलाच किमान ट्रॅक ०.८ मिलिमीटर आणि किमान अंतर ०.५ मिलिमीटर असे नियम घालावेत, पॅड मोठे करावेत, फक्त खालचा थर वापरावा आणि जेथे ट्रॅक ओलांडणे टळत नाही तेथे वरून जंपर, म्हणजे वायरचा तुकडा, द्यावा. छापतानाचा गोंधळही नेहमीचा आहे : कीकॅड खालचा थर वरून आरपार पाहिल्यासारखा दाखवते आणि टोनर उतरवताना प्रतिमा एकदा उलटतेच, म्हणून खालचा थर आरसा न करता छापायचा, वरचा असेल तर तो आरसा करून. हे नियम एकदा बोर्डाच्या सेटिंगमध्ये भरून रिकामा प्रकल्प नमुना म्हणून जपून ठेवावा.

डीआरसी, म्हणजे आराखड्याच्या नियमांची तपासणी, कठोर आणि विश्वासार्ह आहे. ट्रॅकमधले अपुरे अंतर, राहून गेलेल्या जोडण्या, बोर्डाची न मिटलेली कड, भोकावर चढलेली सिल्कस्क्रीनची, म्हणजे बोर्डावर शाईने छापायची, अक्षरे आणि स्कीमॅटिकशी असलेली विसंगती, हे सारे ती दाखवते, आणि यादीतल्या ओळीवर क्लिक केले की त्या जागी नेते. पण याच ७८०५च्या बोर्डावर तिची मर्यादाही दिसते. १२ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर आणि अर्धा अँपिअर करंट असेल, तर डायोडवरची घट सोडून दिल्यास रेग्युलेटरमध्ये साडेतीन वॅट उष्णता तयार होते, आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या हीटसिंकशिवाय उभ्या टीओ-२२० आवरणाला ती झेपत नाही. हीटसिंकला जागा ठेवली आहे का, हे कोणतीही तपासणी विचारणार नाही. येथे त्रिमितीय दर्शन कामी येते. ‘अल्ट ३’ दाबताच बोर्ड भागांसह उभा दिसतो, आणि रेग्युलेटरची पाठ कपॅसिटरला टेकते आहे किंवा जॅकचे तोंड बोर्डाच्या आत राहिले आहे, अशा गोष्टी सपाट आराखड्यापेक्षा तेथे लवकर लक्षात येतात.

कारखान्याला पाठवायच्या गर्बर (थरांचे आराखडे) आणि ड्रिल (भोकांच्या जागा) फाइली काढणे सोपे आहे, आणि ९व्या आवृत्तीत हे सगळे काम एका संचात बांधून एका आज्ञेत करून घेण्याची सोय आली आहे. त्या फाइली सोबतच्या गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून एकेक थर पाहिल्याशिवाय पाठवू नयेत. सर्किट सिम्युलेशन, म्हणजे सर्किट पडद्यावर चालवून पाहण्याची सोय, हीही आत आहे, एनजी-स्पाइस या मुक्तस्रोत कार्यक्रमाच्या बळावर. पण बऱ्याच सिम्बॉलांना मॉडेल जोडलेले नसते आणि ते उत्पादकाकडून शोधून जोडावे लागते, त्यामुळे सिम्युलेशनसाठी म्हणून कोणी हे सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नये. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम पडद्यावरच चालवून पाहायचा असेल तर प्रोटिअस हे सॉफ्टवेअर अजूनही पुढे आहे आणि आपल्याकडील महाविद्यालयांत ते त्याचसाठी टिकून आहे, मात्र त्याला पैसे मोजावे लागतात. ब्राउझरमध्ये चालणारे ईझीईडीए भाग शोधण्याच्या बाबतीत कीकॅडहून सुखद आहे, कारण विक्रेत्याच्या साठ्यातला भाग आकारासह समोर येतो. पण वर ज्या मोजमापाबद्दल लिहिले ते त्यात विक्रेत्यावर सोडून दिले जाते, आणि लॅमिंग्टन रोडच्या पुडीतला भाग त्याच्या यादीत नसतो.

शिकण्याच्या साहित्याचे चित्र संमिश्र आहे. कीकॅडची स्वतःची प्रारंभिक मार्गदर्शिका बॅटरी, स्विच, रेझिस्टर आणि एलईडी एवढ्याच सर्किटातून स्कीमॅटिक ते गर्बर हा सगळा प्रवास घडवते आणि ती पहिल्या दिवशी करून टाकावी. ती इंग्रजीत वाचणे जड जाणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या कामाची दखल घ्यायला हवी. तेथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह भारतीय भाषांत तयार केले जातात, आणि तेथीलच फॉसी प्रकल्पाचे ई-सिम हे साधन तर कीकॅड आणि एनजी-स्पाइस यांनाच एकत्र गुंफून बनवले आहे. अडचण एवढीच की कीकॅडचा चेहरामोहरा पाचव्या आवृत्तीनंतर इतका बदलला आहे की जुन्या पाठांतली बटणे आणि टप्पे आजच्या खिडकीत सापडत नाहीत. पूर्वी स्कीमॅटिकमधून नेटलिस्ट, म्हणजे जोडण्यांची यादी, काढून ती बोर्डात वाचावी लागे, आज त्या जागी ‘एफ ८’ आहे. म्हणून कोणताही पाठ पाहण्यापूर्वी त्याची आवृत्ती पाहावी, आणि सहाव्याच्या आधीची असेल तर तो केवळ संकल्पनांसाठी ऐकावा. याहून पुढे जायचे असेल तर दुसऱ्यांचे बोर्ड उघडून वाचावेत. कीकॅडसोबत नमुना प्रकल्प येतात, आणि छोटे संगणक बनवणाऱ्या रास्पबेरी पायने कॉम्प्युट मोड्युल ४च्या आयओ बोर्डाच्या कीकॅड फाइली सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. एचडीएमआयच्या जोडीने जाणाऱ्या ट्रॅकांची लांबी कशी जुळवली आहे, हे त्यात पडद्यावर मोजून पाहता येते.

एक हौसेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. सातव्या आवृत्तीपासून संगणकातले कोणतेही फाँट बोर्डावर वापरता येतात, त्यामुळे सिल्कस्क्रीनवर देवनागरी मजकूर घालता येतो. मात्र सिल्कस्क्रीनची रेघ साधारण ०.१५ मिलिमीटरहून बारीक असली तर ती नीट उमटत नाही आणि मात्रा, रफार, जोडाक्षरे आधी भरून जातात. म्हणून जाड वळणाचा फाँट घ्यावा आणि अक्षरांची उंची इंग्रजीपेक्षा बरीच जास्त ठेवावी.

वर्गात शिकवण्यासाठी कीकॅड घेणाऱ्यांनी आवृत्तीचा प्रश्न आधीच मिटवावा. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या मुख्य आवृत्तीत उघडत नाही, आणि अलीकडे नवी मुख्य आवृत्ती जवळपास दरवर्षी येते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ९ आणि प्रयोगशाळेत ८ असेल, तर घरी केलेले काम तपासणीच्या दिवशी उघडणार नाही. सत्राच्या आरंभी एक आवृत्ती ठरवून तिचा इन्स्टॉलर सर्वांना पेनड्राइव्हवर द्यावा आणि सत्र संपेपर्यंत अद्ययावत करू नये. प्रकल्पाच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने त्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवता येतात, आणि गटाने केलेल्या बोर्डात कोणी काय बदलले हे ओळीओळीने दिसते. बाहेरून घेतलेली किंवा स्वतः काढलेली फुटप्रिंट मात्र प्रकल्पाच्याच फोल्डरात लायब्ररी करून ठेवावीत. नाहीतर दुसऱ्या संगणकावर बोर्ड उघडतो, पण ज्या फुटप्रिंटची मापे घेण्यात वेळ गेला तेच लायब्ररीत सापडत नाही आणि पुढच्या बोर्डासाठी पुन्हा कॅलिपर हातात घ्यावा लागतो.